हॉलिस ट्रास्कचं घर कुठल्या काठावर?

१

चोर जाताना स्वयंपाकघर पुसून गेला होता, आणि वेंडेल क्रॉफ्टचं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ते त्यानेच.

मार्च संपत आला होता. व्हरमाँटमध्ये या दिवसांत बर्फ वितळून रस्त्यांचा नुसता राडा होतो. माणूस दारातून आत आला की त्याच्या मागोमाग चिखलाचे ठसे येतातच. हॉलिस ट्रास्कचं घर महिनाभर बंद होतं. खुब्याचं हाड मोडून म्हातारा आधी इस्पितळात आणि मग शुश्रूषागृहात पडला होता. शुक्रवारी तो सुटणार म्हणून शेजारचा वेंडेल शेगडी पेटवून घर जरा उबदार करायला गेला. किल्ली नेहमीप्रमाणे पायरीजवळच्या दगडाखाली. आत शिरला तर जमीन लख्ख. आणि शेगडीजवळची झुलती खुर्ची गायब.

मग एकेक लक्षात येत गेलं. हॉलिसचं व्हायोलिन नव्हतं. त्याच्या बायकोचा, आयडाचा, भिंतीवरचा फोटो नव्हता. बिडाचा जुना तवा खुंटीवरून नाहीसा झाला होता. टीव्ही मात्र जागच्या जागी. लाकूड कापायची नवी करवत मागच्या खोलीत तशीच. मुलीने पंचाहत्तरीला दिलेलं सोन्याचं घड्याळसुद्धा फळीवर डबीत सुखरूप.

शेरीफच्या कचेरीतून एक तरुण डेप्युटी आला. "म्हणजे खुर्ची गेली," असं त्याने दोनदा विचारून घेतलं, आणि काही आठवलं तर कळवा म्हणून निघून गेला.

दुपारपर्यंत हॉलिसची मुलगी लेनोर कनेक्टिकटहून गाडी हाणत येऊन पोचली. स्वयंपाकघरात तिची आणि वेंडेलची अशी जुंपली की दोघंही शेवटी तणतणत टेकडीवरच्या ओडील बूशारच्या दारात जाऊन उभी राहिली. तसं त्या गावात, ईस्ट हार्लोत, कुणाचंही काही अडलं की लोक ओडीलकडेच जात. बाई मूळच्या तिथल्याच. उभं आयुष्य राज्याच्या कर खात्यात काढलेलं, आणि तिथलं काम मोठं मासलेवाईक. "मी या राज्यात राहतच नाही" असं सांगणारी माणसं खरंच राहत नाहीत की राहतात, हे शोधून काढायचं. निवृत्त झाल्यावरही हात स्वस्थ बसेनात, म्हणून दर वसंतात शनिवारी गावच्या वाचनालयात बसून ती लोकांची रिटर्नं फुकट भरून द्यायची.

ओडीलने दोघांना बसवलं, कॉफी ओतली आणि काय काय गेलं ते विचारलं.

"खुर्ची," लेनोर म्हणाली. "व्हायोलिन. आईचा फोटो. आणि तवा. तवा, ओडीलबाई! तव्याची चोरी कोण करतं?"

ओडीलने कप खाली ठेवला. ही चार नावं याच क्रमाने तिने आधी ऐकली होती. ऐकली कसली, स्वतःच्याच तोंडाने सांगितली होती.

२

तो फेब्रुवारीतला शनिवार होता. बाहेर बर्फाचा असा मारा चालला होता की ग्रंथपालबाई सारखी फावडं घेऊन पायऱ्या साफ करायला जात होती. आतल्या खोलीत ओडीलच्या टेबलापाशी तिघंच आले होते.

पहिली लेनोर, बापाला भेटायला आलेली. वडिलांच्या नावाने राज्याचं पत्र आलं होतं की मागच्या वर्षी तुमचं रिटर्न आलेलं नाही, का ते कळवा. लेनोर चिडली होती. बाबांना म्हातारपणाची सरकारी पेन्शन तेवढी मिळते, त्यांना कसलं आलंय राज्याचं रिटर्न, असं तिचं म्हणणं. ओडीलने विचारलं, दुसरं काहीच येत नाही? तेव्हा आठवून आठवून ती म्हणाली, मागची मेपलची राई वेंडेलला भाड्याने दिलीय, त्याचं थोडंफार येतं. ते थोडंफार भरतं किती हे ओडीलने पाहिलं आणि मान हलवली. रिटर्न भरावं लागणार होतं.

दुसरा वेंडेल स्वतः. त्याचं सरळ होतं. जन्मल्यापासून गाव सोडलं नव्हतं, मेपलचा पाक विकून जे मिळतं त्याचा चोख हिशेब तो घेऊन आला होता.

तिसरी मेव्हिस टीग, नदीपलीकडच्या पाईक्स फेरीची. हिरवा लोखंडी पूल ओलांडला की न्यू हॅम्पशर, आणि तिथे पगारावर राज्याचा कर नाही. पण मेव्हिसने आयुष्यभर शाळेची बस हाकली ती अलीकडच्या शाळेची. नुकतीच ती निवृत्त झाली होती. "माझ्या राज्यात मला कुणी विचारत नाही," ती हसत म्हणाली होती, "आणि पुलाअलीकडचं राज्य दर वसंतात बोलावणं धाडतं."

"काम जिथे केलं तिथला पगार तिथलाच," ओडील तिला म्हणाली. "आणि जमीन तर हलतच नाही. लेनोर, तुझे बाबा उद्या चंद्रावर राहायला गेले तरी राई व्हरमाँटात आहे तोवर भाड्याचं रिटर्न इथे भरायचंच. त्यांच्याकडे दुसरं काही करपात्र नाही, तेव्हा ते इथले रहिवासी म्हणून भर नाहीतर परके म्हणून भर, हिशेब तेवढाच येतो. फक्त कुठल्या चौकोनात खूण करायची एवढाच प्रश्न."

मग वेंडेलने विचारलं होतं, की माणूस इथला की तिथला हे तुम्ही ठरवता तरी कसं? माणसाची दोन घरं असली तर?

हा ओडीलच्या जिव्हाळ्याचा विषय. ती खुलली. म्हणाली, विजेची बिलं, मतदार यादी, गाडीचा परवाना हे सगळं बघतोच, पण लबाड माणूस ते सगळं बदलून ठेवतो. म्हणून आम्ही घरात जाऊन बघायचो की जिवाभावाच्या वस्तू कुठे आहेत. "ज्या खुर्चीत बसल्याशिवाय त्याला संध्याकाळ झाल्यासारखी वाटत नाही, ती कुठे आहे? वाजवायचं वाद्य कुठे? गेलेल्या माणसाचा फोटो कुठल्या भिंतीवर? अंडी तळायचा हाताखालचा तवा? त्या जिथे, तिथे त्याचं घर. बाकी कागद काही का म्हणेनात."

तिघंही मन लावून ऐकत होती. खोलीत चौथं कुणी नव्हतं.

म्हणजे चोर या तिघांपैकीच एक होता. आणि त्यातली दोघं आत्ता तिच्याच टेबलाशी बसून एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होती.

३

ओडीलने यातलं अवाक्षर काढलं नाही. आपल्याच व्याख्यानातून कुणीतरी चोरी शिकलं, हे सांगायचं तरी कुठल्या तोंडाने? ती कोट चढवून दोघांबरोबर हॉलिसच्या घरी गेली.

घर नीट बघून झाल्यावर ती मागच्या दारापाशी थांबली. दाराजवळच्या जमिनीवर चार छोटे गोल ठसे होते, एखाद्या बुटक्या वस्तूच्या पायांचे. रोज तिथेच ठेवल्यामुळे खालचं लिनोलियम दबलं होतं. वस्तू मात्र नव्हती.

"इथे काय असायचं?"

लेनोर म्हणाली, आईची कुंडी असेल. वेंडेल म्हणाला, असेल काहीतरी खोकं, आपण कधी पाहिलं नाही. आपण नेहमी पुढच्या दाराने येतो. दोघांच्याही चेहऱ्यावर खोटं बोलण्याचा ताण नव्हता. ओडीलला ते ठसे मनातून जाईनात. तिच्या व्याख्यानात ही पाचवी वस्तू नव्हतीच.

आधी ती वेंडेलला एकटं गाठायला त्याच्या मेपलच्या गुऱ्हाळात गेली. रस उकळत होता, पत्र्याच्या छपराखाली वाफेचे ढग दाटले होते, आणि वेंडेल लांब पळीने फेस काढत उभा होता. त्याने तिच्यापुढे गरम पाकाची वाटी, एक डोनट आणि काकडीचं लोणचं ठेवलं. घरचं माणूस आलं की तिथे हेच ठेवतात. मग मनातलं बोलून टाकलं. लेनोर बापाला आपल्या घरी, कनेक्टिकटात हार्टफर्डला घेऊन जाणार आहे, तिने त्याच्यासाठी खोलीसुद्धा रंगवून घेतलीय. घर विकायला काढायचं तर आधी ते रिकामं करायला हवं, म्हणून गुपचूप सामान हलवलं आणि आता चोरीचं सोंग करतेय. ही राई हॉलिसच्या आजोबांनी लावलेली. दर वसंतात हॉलिस इथे त्या बाकावर बसून व्हायोलिन वाजवायचा आणि वेंडेल रस आटवायचा.

"तो गेला ना, तर मी राई सोडणार," वेंडेल म्हणाला. "पाक काय, कुठेही होतो."

ओडील परत आली तेव्हा लेनोर बापाच्या रिकाम्या स्वयंपाकघरात डोळे पुसत बसली होती. तिचा संशय वेंडेलवर पक्का. किल्ली त्याला ठाऊक, चोरी सापडली त्यालाच, आणि बाबांनी हार्टफर्डला जाऊ नये म्हणून हा वाटेल ते करील. उद्या सकाळी ती त्याच्याविरुद्ध रीतसर तक्रार लिहून देणार होती. मग थोडी निवळल्यावर म्हणाली, "मी त्यांना जबरदस्तीने नाही नेत हो. इथला जिना बघितलात? ते पुन्हा पडले तर त्यांना उचलायला कोण आहे? आईच्या वेळीही मी उशिरा पोचले."

ओडीलने तिच्या हातावर हात ठेवला. तक्रार शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबव एवढंच मागून घेतलं. लेनोरने मान डोलावली, पण एक मिनिटही जास्त थांबणार नाही असं बजावूनच.

४

हॉलिस शुश्रूषागृहाच्या खिडकीशी बसला होता. चोरीबद्दल त्याला काही कळू द्यायचं नाही असं लेनोरने सगळ्यांना बजावलं होतं. त्यामुळे ओडीलने आधी नर्सेसची, मग तिथल्या बेचव सुपाची आणि मग या वर्षीच्या रसाची चौकशी केली. हॉलिस हसत हसत उत्तरं देत होता. उंच, हाडकुळा, कपाळावर पांढरी बट. दुरुस्तीला आलेली व्हायोलिनं परत द्यायला त्याचं मन होत नसे, अशी गावात ख्याती.

"आयडाचा फोटो तुझ्याकडे कुठे असतो रे?" तिने सहज विचारल्यासारखं केलं. "मला वाटलं बैठकीत."

"छे. स्वयंपाकघरात. शेगडीकडे तोंड करून. माझा पाव करपला की तिला दिसायला हवं." त्याने मांडीवरचं पांघरूण नीट केलं. "बैठकीत तिला करमलं नसतं."

"आणि मागच्या दाराशी काय ठेवतोस?"

हॉलिसचं हसू जरासं थिजलं. मग त्याने खांदे उडवले. "स्टूल आहे एक छोटं. बूट घालायला. दोन हिवाळे झाले, कंबर वाकतच नाही. वाकलो की खुब्यात सुरी घातल्यासारखं व्हायचं. लेनोरला सांगू नकोस हं, आधी का नाही बोललात म्हणून माझं डोकं खाईल. वेंडेललाही नाही ठाऊक. त्याच्यासमोर मी उभ्यानेच बूट चढवतो आणि मग कोठारात जाऊन कळ सोसत बसतो."

"मग ठाऊक कुणाला आहे?"

"कुणाला कशाला असेल?" तो म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. गाड्या उभ्या करायची जागा आणि चिखल. पण म्हाताऱ्याचे कान लाल झाले होते.

ओडील उठली. दारापर्यंत पोचते न पोचते तोच मागून आवाज आला.

"ओडील, ते स्टूल तिथे नसेल तरच तू विचारशील, तिथे काय होतं म्हणून. माझ्या घरातून काय गेलंय?"

ती वळली. इतकी वर्षं माणसांना अडचणीचे प्रश्न विचारण्यात गेली होती. उत्तर द्यायची पाळी क्वचितच आली होती.

"गेलं नाहीये," ती म्हणाली. "कुठे आहे ते मला आत्ता कळलं."

५

शुक्रवारी सकाळी तिने लेनोर आणि वेंडेल दोघांना आपल्या गाडीत घातलं. लेनोर पुढे, वेंडेल मागे. पूल आला तशी ओडीलने स्वतःच्या व्याख्यानाची आठवण करून दिली. वेंडेलने हळूच शीळ घातली.

"पहिल्यांदा मला वाटलं, करासाठी केलंय," ओडील म्हणाली. "इतकी वर्षं मी तेच पाहिलं. माणसं माझ्या धाकाने सोफे आणि पियानोसुद्धा पलीकडे नेऊन ठेवायची. पण हॉलिसच्या बाबतीत त्याचा उपयोग शून्य. राई इथे आहे. तो कुठेही राहिला तरी रिटर्न भरायचंच, आणि हिशेब तेवढाच. हे मी त्या दिवशी तिघांच्या देखत सांगितलं होतं. तेव्हा कर चुकवायला खुर्ची उचलेल असं तिघांत कुणी नाही."

"मग?" लेनोर म्हणाली.

"मग मी बघितलं, चोराने काय ठेवलं. लेनोर, तू असतीस तर आधी घड्याळ घेतलं असतंस."

"अर्थात. बाबांचं सगळ्यात लाडकं ते."

मागून वेंडेल खोकला. ओडील जपून बोलली. घड्याळ फार छान आहे, पण ते डबीतून बाहेर निघालेलं कुणी पाहिलं नाही. हॉलिस वेळ बघतो ती शेगडीवरच्या घड्याळात. आणि तवा लेनोरने कधीच उचलला नसता. तिने बापाला नवी न चिकटणारी भांडी दोनदा पाठवली होती. ती दोन्ही वेळा कोठारात गेली. लेनोरने काचेवर बोट ठेवलं आणि उगाच रेघ ओढत राहिली.

"आणि मी का नाही?" वेंडेलने विचारलं. आता त्यालाही उत्सुकता लागली होती.

"कारण तू जन्मात कधी जमीन पुसलेली नाहीस."

लेनोरला हसू आलं. गाडीत पहिल्यांदाच.

"खरंच सांगते," ओडील म्हणाली. "चोर घाईत असतो. हा चोर चिखलाचे पाय घेऊन आला आणि ज्या घरात आपण पाहुणे आहोत ते घाण करायचं नाही म्हणून पुसून गेला. त्याला बूट घालायचं स्टूल माहीत होतं, जे मुलीला माहीत नाही, शेजाऱ्याला माहीत नाही. हॉलिस कुणासमोर दुखतंय म्हणून खाली बसतो? एकाच माणसासमोर. आणि शेवटचं म्हणजे आयडाचा फोटो. त्यानेच मला चक्रावून टाकलं होतं. हॉलिस पलीकडे राहतो असं नुसतं भासवायचं असतं तर फोटो नेऊन काय मिळणार? उलट ज्या घरात तो दुसऱ्या बाईकडे जातो, तिथे पहिलीचा फोटो कोण लावेल? लावेल अशी बाई एकच असू शकते."

"दुसऱ्या बाईकडे?" लेनोरचा आवाज चढला.

ओडीलने पाईक्स फेरीच्या एका बैठ्या पिवळ्या घरापुढे गाडी उभी केली. दाराला जिना नव्हता. एक रुंद उतार होता, नव्या फळ्यांचा, अजून रंग न दिलेला.

६

मेव्हिस टीगने दार उघडलं. तिघांना एकत्र बघून तिचा हात नकळत गळ्याशी गेला. पण ती बाजूला झाली.

"या," ती म्हणाली. "बूट असू देत."

खुर्ची खिडकीपाशी होती. व्हायोलिन तिच्या शेजारी, केसमध्ये, आणि केसखाली घडी घातलेली शाल, जमिनीची ओल लागू नये म्हणून. बिडाचा तवा शेगडीवर. तेल लावून पुन्हा काळाभोर केलेला. मागच्या दाराशी लाकडी स्टूल. आणि शेगडीसमोरच्या भिंतीवर आयडा, तशीच जराशी तिरकी मान करून बघत असलेली.

लेनोर फोटोपुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्ही माझ्या आईला उचलून आणलंत."

"आणलं," मेव्हिस म्हणाली. तिने लपवाछपवी केली नाही, रडलीही नाही. मग हळूहळू सांगितलं. दर शनिवारी हॉलिस इथे व्हायोलिन वाजवायला येतो, चार म्हातारे जमतात, हे गावाला माहीत होतं. बाकीचे गेल्यावर तो थांबतो, हे कुणाला माहीत नव्हतं. हॉलिस कधी बोलला नाही आणि तिनेही विचारलं नाही; या वयात विचारायचं तरी कसं. तो पडला आणि हार्टफर्डची गोष्ट निघाली, तेव्हा शुश्रूषागृहातल्या बाईने तिला विचारलं होतं की तुम्ही त्यांच्या कोण. तिला उत्तर देता आलं नव्हतं.

"घरी येऊन मी बसले," ती म्हणाली. "आणि तुमचं ते बोलणं आठवलं, ओडील. मला वाटलं, त्याच्या वस्तू इथे असल्या तर निदान तो भेटायला आला तरी त्याला परक्यासारखं वाटणार नाही. मागायला लागणार नाही काही. चोरी म्हणतील हे डोक्यातच आलं नाही. कोण चोरेल तो तवा?"

"पण आई का?" लेनोरने विचारलं. "तुम्हाला ती नको असायला हवी."

मेव्हिसने फोटोकडे पाहिलं. जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

"आयडाला मागे ठेवून येणारा माणूस असता," ती म्हणाली, "तर मला तो नकोच होता."

वेंडेलने टोपी काढून हातात घेतली आणि तिची कड चिमटीत फिरवत बसला. लेनोर बुटाच्या स्टुलावर बसली. सरळ खालीच बसली म्हणायची, इतकं ते बुटकं होतं. मग दोन्ही हातांत तोंड झाकून रडली. मेव्हिस तिच्याजवळ गेली नाही. तिने चहाचं आधण ठेवलं, आणि पाणी उकळेपर्यंत पाठमोरी उभी राहिली, लेनोरला हवं तेवढं रडता यावं म्हणून.

शेवटी लेनोरने नाक पुसलं आणि बाहेरच्या उताराबद्दल विचारलं. मेव्हिस म्हणाली, मीच ठोकला. बस हाकणाऱ्या बाईला हातोडा धरता येतो. चाकांची खुर्ची आणली तरी चढेल एवढा रुंद केलाय.

"माझ्याकडे तीन पायऱ्या आहेत," लेनोर स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "खोली रंगवली, पण पायऱ्यांचं लक्षातच आलं नाही."

ती उठली, आणि फोटो अगदी थोडा उजवीकडे सरळ केला.

७

दुपारी चौघंही शुश्रूषागृहात पोचली तेव्हा हॉलिस कोट चढवून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेला होता. लेनोर आणि मेव्हिसला एका दारातून आत येताना बघून त्याच्या चेहऱ्यावर जी काही धांदल उडाली, ती बघायला वेंडेलने आठवडाभर गुऱ्हाळसुद्धा बंद ठेवलं असतं.

लेनोर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. खुब्याचं दुखणं लपवल्याबद्दल तिने आधी त्याला मनसोक्त झापलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग तिने सगळं सांगितलं. खुर्ची कुठे आहे, तवा कुठे आहे.

"आणि आयडा?" हॉलिसने विचारलं.

"शेगडीसमोर," लेनोर म्हणाली. "तिथून पाव दिसतो."

हॉलिसने मेव्हिसकडे पाहिलं. मेव्हिसने आपल्या हातमोज्यांकडे. बाकीच्यांना उगाच आपण इथे जास्त झालो असं वाटायला लागलं.

ओडीलने घसा साफ केला. तिने हा प्रश्न आयुष्यात असंख्य माणसांना विचारला होता, बहुतेकदा त्यांचं खोटं पकडण्यासाठी. आज पहिल्यांदाच ती तो उत्तर ठाऊक नसताना, आणि उत्तराची वाट बघत, विचारत होती.

"हॉलिस, कायद्याला एकच गोष्ट लागते. बाहेर गेलास, कुठेही गेलास, तर परत कुठे यायचं असं तुझ्या मनात असतं? हार्टफर्ड म्हण, ईस्ट हार्लो म्हण, पाईक्स फेरी म्हण. कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस."

लेनोरने त्याचा हात धरला होता तो सोडला नाही, आणि ओढलाही नाही.

"पुलापलीकडे," तो म्हणाला.

वेंडेलने मोठ्याने श्वास सोडला. पाईक्स फेरीहून गुऱ्हाळ गाडीने अगदी थोड्या अंतरावर होतं. बाकावरची जागा रिकामी राहणार नव्हती.

"म्हणजे व्हरमाँटच्या रिटर्नातून सुटलो मी?" हॉलिसने विचारलं.

"सुटतोस कसला," ओडील म्हणाली. "गेलं वर्ष तू पूर्ण इथला, त्याचं भरायचं. या वर्षी अर्धा इथला अर्धा तिथला, त्याचं पुढच्या वसंतात भरायचं. आणि त्यापुढे परका म्हणून, राईचं भाडं येतंय तोवर दर वर्षी."

"म्हणजे दर वसंतात पूल ओलांडून तुझ्या टेबलाशी यायचं."

"यायचं. येताना मेव्हिसला घेऊन ये. तिचंही या वर्षीचं एक राहिलंय."

मेव्हिस हसली. लेनोरने पिशवी उचलली. वेंडेल गाडी दाराशी आणायला निघाला. ओडीलच्या मनात मात्र अजून कामाचंच घोळत होतं, सवयच ती.

"एक राहिलं," ती म्हणाली. "अर्ध्या वर्षाच्या रिटर्नात तारीख लागते. तू व्हरमाँट कधी सोडलंस ती. पडलास तो दिवस धरायचा, की सामान गेलं तो दिवस? की त्याच्याही आधीपासून होतं हे? नीट आठवून सांग, खोटं लिहायचं नाही."

हॉलिसने काठी टेकली आणि सावकाश उभा राहिला. मेव्हिस त्याच्या बाजूला आली. तिने त्याला धरलं नाही, फक्त हात लागेल एवढ्या अंतरावर थांबली.

"आजची लिही," तो म्हणाला. "याआधी मला कुणी विचारलंच नव्हतं."